टक्के कशाचे? लस घेण्यापूर्वी उपयोग आणि धोका तोलण्याची रीत

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात काजूचा हंगाम आणि माकडतापाचा हंगाम एकाच वेळी येतो. जानेवारी उजाडला की बागायतीत झाडांखालचा पालापाचोळा साफ होऊ लागतो, आणि त्याच पालापाचोळ्यात या तापाचा विषाणू बाळगणारी गोचीड असते. 1957 मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला हा आजार 2015 मध्ये सत्तरीतील पाली गावात काजूच्या कामावर जाणाऱ्या माणसांना झाला, आणि त्यानंतर आमच्या भागात लसीची चर्चा घराघरांत सुरू झाली. त्या दिवसांत शेजारच्या काकींनी मला दोन प्रश्न विचारले होते. मी शाळेत गणित शिकवत असल्यामुळे आकड्यांचे प्रश्न माझ्याकडे येतात. लसीचे दोन डोस घेतले तर बासष्ट टक्के संरक्षण मिळते असे मी त्यांना सांगितले, तेव्हा काजूचे बोंडू पिळताना चिकट झालेले हात पदराला पुसत त्या म्हणाल्या, "म्हणजे भाऊ, शंभरातल्या अडतीस जणांना ताप येणारच ना?" दुसरा प्रश्न त्याहून साधा होता. हात सुजून दोन दिवस बसून राहावे लागले तर त्या दोन दिवसांची मजुरी कोण देणार?

पहिल्या प्रश्नात समजुतीची चूक आहे आणि दुसऱ्यात एक खरा धोका आहे, जो कोणत्याही परिपत्रकात मोजला जात नाही. दोन्ही प्रश्नांना मी तेव्हा धड उत्तर देऊ शकलो नाही. लसीवर शंका घेणाऱ्याला अडाणी ठरवणे किंवा लस घेणाऱ्याला भाबडा म्हणणे, या दोन्ही गोष्टी मला अन्यायाच्या वाटतात. शंका घेणे योग्यच आहे. मात्र ती फायद्याच्या आकड्यावर जितकी कसून घेतली जाते तितकीच कसून धोक्याच्या आकड्यावरही घेतली पाहिजे. ते कसे करावे, हे पुढे माझ्या समजुतीप्रमाणे मांडतो.

सर्वप्रथम टक्के कशाचे आहेत हे विचारा

समजा, लस न घेतलेल्या एक हजार माणसांपैकी एका हंगामात 50 जणांना ताप आला आणि लस घेतलेल्या तितक्याच माणसांपैकी 19 जणांना आला. पन्नासाचे एकोणीस झाले, म्हणजे 31 आजारपणे टळली, आणि 50 पैकी 31 म्हणजे 62 टक्के. लसीची परिणामकारकता म्हणतात ती हीच. यात लस घेतलेल्या हजारांपैकी 981 जणांना तापच आलेला नाही. म्हणून 62 टक्क्यांचा अर्थ "उरलेल्या 38 टक्क्यांना आजार होणार" असा कधीच होत नाही. लस नसती तर जे आजारी पडले असते त्यांच्यातील 62 टक्के वाचले, एवढाच त्याचा अर्थ आहे. परिणामकारकतेचा कोणताही आकडा कानावर आला की पहिल्याने तो या वाक्यात बसवून पाहावा. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

मात्र या एका आकड्यावरून लस न घेतलेल्यांपैकी किती जण आजारी पडले असते ते कळत नाही. हजारांत 50 चे 19 होणे आणि दहा हजारांत 50 चे 19 होणे, दोन्हींची परिणामकारकता 62 टक्केच, पण पहिल्यात हजार माणसांमागे 31 आजारपणे टळतात आणि दुसऱ्यात जेमतेम तीन. म्हणून दुसरा आकडाही मागावा. आपल्या देशातील कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे उदाहरण यासाठी चांगले आहे, कारण तिचे तपशील नोव्हेंबर 2021 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये उघडपणे छापले गेले. पूर्वी संसर्ग न झालेल्या ज्या माणसांचा हिशेब त्यात धरला गेला, त्यांच्यापैकी खोटी लस (तुलनेसाठी दिलेले, लसीचा अंश नसलेले टोचणे) मिळालेल्या 8,502 जणांमध्ये 106 रुग्ण आढळले आणि खरी लस मिळालेल्या 8,471 जणांमध्ये 24. जाहीर झालेली परिणामकारकता 77.8 टक्के होती. (साधा भागाकार केला तर आकडा किंचित कमी येतो, प्रत्येक माणसावर किती दिवस लक्ष ठेवले गेले तेही अधिकृत हिशेबात धरलेले असते.) आता तोच निकाल दुसऱ्या बाजूने पाहा. खोटी लस घेतलेल्यांपैकी सुमारे 1.25 टक्के आजारी पडले आणि खरी घेतलेल्यांपैकी सुमारे 0.28 टक्के, म्हणजे फरक एका टक्क्यापेक्षा थोडा कमी. त्या काळात एक आजारपण टाळण्यासाठी सुमारे 104 माणसांना लस द्यावी लागली.

"77.8 टक्के सांगितले, पण खरा फायदा एक टक्काही नाही" असा मजकूर मोबाइलवर फिरतो, तेव्हा त्यातील दोन्ही आकडे खरे असू शकतात आणि तरीही मजकूर दिशाभूल करणारा असू शकतो. एक टक्का हा फरक चाचणीच्या थोड्या महिन्यांचा आणि त्या दिवसांत पसरलेल्या साथीचा आहे. साथ वाढली की तो वाढतो, ओसरली की कमी होतो. त्या मानाने सापेक्ष आकडा, म्हणजे येथे 77.8 टक्के, साथीच्या चढउतारात कमी हलतो, म्हणून लसींची आपापसांत तुलना करताना तो वापरतात. स्वतःचा निर्णय घेताना मात्र दोन्ही आकडे हवेत. या हंगामात, या गावात, माझ्या वयाच्या माणसाला आजार होण्याची शक्यता किती, आणि लस ती किती खाली आणते, असा प्रश्न विचारला की दोन्हींची सांगड आपोआप बसते.

मर्यादा पाहिल्याशिवाय आकडा मानू नका

प्रत्येक परिणामकारकतेच्या आकड्याला खालची आणि वरची अशा दोन मर्यादा जोडलेल्या असतात, आणि वर्तमानपत्रात नेमक्या त्याच गाळल्या जातात. काकींना मी सांगितलेले बासष्ट टक्के कर्नाटकातील 2005 ते 2010 या काळाच्या अभ्यासातील होते. त्या अभ्यासात दोन डोसांची परिणामकारकता 62.4 टक्के निघाली, पण तिच्या मर्यादा 26.1 ते 80.8 अशा होत्या. दोन डोसांनंतर वर्धक (बूस्टर) डोसही घेतलेल्यांमध्ये ती 82.9 टक्के होती आणि मर्यादा 71.3 ते 89.8. पहिली पट्टी किती रुंद आहे ते पाहा: खरा आकडा पाव असू शकतो किंवा चार पंचमांशही. मी काकींना "बासष्ट" असे छातीठोक सांगितले ती माझी चूक होती. "पाव ते चार पंचमांश यांमध्ये कुठेतरी, बहुधा निम्म्याहून थोडे अधिक, वर्धक डोस घेतला तर चित्र बरेच स्पष्ट आणि चांगले" असे मी सांगायला हवे होते.

रुग्णांची संख्या लहान असली की पट्टी रुंद होते. कोव्हॅक्सिनच्या त्याच चाचणीत गंभीर आजाराविरुद्धची परिणामकारकता 93.4 टक्के सांगितली गेली. पण एकूण गंभीर रुग्ण 16 होते, पंधरा एका गटात आणि एक दुसऱ्या गटात, आणि मर्यादा 57.1 ते 99.8 अशा होत्या. दिशा निःसंशय चांगली आहे, पण दशांश चिन्हानंतरच्या आकड्याला त्यात काही अर्थ नाही.

तुलना कोणाची कोणाशी?

लसीचे आकडे तपासण्याची रीत नवीन नाही. ग्रीनवुड आणि यूल या दोन संख्याशास्त्रज्ञांनी 1915 मध्ये विषमज्वर आणि कॉलरा यांच्या लसींचे आकडे तपासताना तीन अटी घातल्या होत्या, आणि शंभरहून अधिक वर्षांनंतरही मला त्यांच्यापेक्षा चांगली कसोटी सापडलेली नाही. लस घेतलेले आणि न घेतलेले लोक महत्त्वाच्या सर्व बाबतींत सारखे असावेत. दोघांचा आजाराशी येणारा संबंध सारखाच असावा. आणि कोणी लस घेतली व कोणाला आजार झाला, या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून न राहता ठरवल्या जाव्यात.

चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचणीत या अटी बऱ्याच अंशी पाळल्या जातात, कारण कोण कोणत्या गटात जाईल हे नशिबावर असते आणि डॉक्टरांनाही ते ठाऊक नसते. लस बाजारात आल्यानंतरचे अभ्यास मात्र लोकांनी स्वतः घेतलेल्या निर्णयांवर उभे असतात, आणि तिथे या अटी डोळ्यांत तेल घालून पाहाव्या लागतात. माकडतापाचेच घ्या. रोज रानात जाणारा माणूस लस घेण्याची शक्यता अधिक आणि वाळपईच्या बाजारात दुकानात बसणाऱ्याची कमी. रानात जाणाऱ्याला गोचीड चावण्याची शक्यता मुळातच जास्त असल्यामुळे लस आहे त्यापेक्षा दुबळी दिसू शकते. याउलट जो माणूस लस घेतो तोच अंगाला गोचीडरोधक तेल लावतो, घरी येऊन कपडे गरम पाण्यात टाकतो आणि मेलेल्या माकडाच्या जवळ फिरकत नाही, असे असेल तर लस आहे त्यापेक्षा बळकट दिसेल. अमेरिकेत वृद्धांच्या फ्लूच्या लसीबाबत नेमके हेच आढळले होते: फ्लूचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच लस घेतलेल्यांचे मृत्यू इतरांपेक्षा पुष्कळ कमी होते, म्हणजे तो फरक लसीने घडवलेला असणे शक्यच नव्हते, जे मुळात धडधाकट होते तेच लस घ्यायला गेले होते. कोणताही अभ्यास वाचताना, लसीचा परिणाम दिसायलाच नको अशा काळात किंवा अशा आजारात दोन गटांत फरक दिसतो का, हे पाहावे. दिसत असेल तर उरलेल्या आकड्यातूनही तेवढे माप वजा करावे लागेल.

कशापासून संरक्षण, आणि मोजणी कधीपासून?

संसर्ग, लक्षणे, रुग्णालयात दाखल होणे आणि मृत्यू ही चार वेगवेगळी मापे आहेत. एकाचा आकडा दुसऱ्याला लावणे ही सर्वांत जास्त होणारी चूक असावी. तमिळनाडूतील चेंगलपट्टू भागात 1968 मध्ये सुरू झालेली बीसीजीची प्रचंड चाचणी याचे चांगले उदाहरण आहे. प्रौढांच्या फुप्फुसांच्या क्षयरोगापासून त्या लसीने काहीच संरक्षण दिले नाही, असा तिचा निकाल निघाला. तरीही गोवा वैद्यकीय महाविद्यालयापासून गावच्या आरोग्य केंद्रापर्यंत नवजात बाळांना आज बीसीजी दिली जाते, कारण लहान मुलांच्या मेंदूच्या आवरणाच्या आणि सर्वांगात पसरणाऱ्या क्षयरोगापासून ती संरक्षण देते हे इतर अभ्यासांनी दाखवले. "बीसीजी निकामी आहे" आणि "बीसीजी आवश्यक आहे" ही दोन्ही विधाने म्हणूनच अपुरी आहेत. कशापासून आणि कोणत्या वयात, हे त्यांत जोडल्याशिवाय ती खरीही नाहीत आणि खोटीही नाहीत.

मोजणी केव्हापासून सुरू केली तेही पाहावे. अनेक कोव्हिड चाचण्यांत दुसऱ्या डोसनंतर सात किंवा चौदा दिवस उलटल्यावर आढळलेले रुग्णच धरले गेले. शरीराला प्रतिकारशक्ती उभी करण्यास वेळ लागतो, म्हणून यात गैर काही नाही, आणि चाचणीत दोन्ही गटांना हाच नियम लागू असतो. परंतु एखाद्या सरकारी तक्त्यात डोसनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत आजारी पडलेली माणसे सरळ "लस न घेतलेले" या रकान्यात टाकली असतील, तर तो तक्ता लसीच्या बाजूने झुकलेला आहे, आणि तसे विचारण्याचा नागरिकाला पूर्ण हक्क आहे.

वॉर्डातील बहुतेक रुग्ण लस घेतलेले असले तर

गोव्यात लसीकरणाचे प्रमाण फार मोठे असल्यामुळे हा प्रश्न येथे हमखास उठतो. उत्तरासाठी कागद घेऊन बसा. एक हजार वस्तीच्या गावात 900 जणांनी लस घेतली आणि 100 जणांनी घेतली नाही. न घेतलेल्यांपैकी दहा टक्के, म्हणजे 10 जण आजारी पडले. लस 80 टक्के परिणामकारक आहे, म्हणून घेतलेल्यांपैकी दोन टक्के, म्हणजे 18 जण आजारी पडले. एकूण 28 रुग्णांपैकी 18 लस घेतलेले आहेत. वॉर्डात गेलेल्या नातेवाइकाला तीन खाटांपैकी जवळजवळ दोन खाटांवर लस घेतलेला माणूस दिसेल, आणि त्याचे पाहणे खरे असेल. फक्त खाटा मोजताना गाव मोजायचे राहून गेलेले असेल. सगळ्या गावाने लस घेतली तर प्रत्येक रुग्ण लस घेतलेलाच असणार. त्यातही वयोगट वेगळे करून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, कारण म्हातारी माणसे लसही अधिक घेतात आणि आजारीही अधिक पडतात.

आता धोका

धोक्याचा आकडा पाहतानाही पहिला प्रश्न तुलनेचाच आहे: लस नसती तर तीच घटना किती जणांच्या बाबतीत घडली असती? कोव्हॅक्सिनच्या चाचणीत खरी लस घेतलेल्या 39 जणांना गंभीर स्वरूपाच्या वैद्यकीय घटनांना तोंड द्यावे लागले, आणि खोटी लस घेतलेल्या 60 जणांना. दुसरा गट नसता तर ते 39 सर्व लसीच्या नावावर लिहिले गेले असते. हजारो माणसांवर काही महिने नजर ठेवली की कोणाला हृदयविकार होतो, कोणी पडतो, कोणाचे ऑपरेशन होते. एखाद्या घरात लसीनंतर आठ दिवसांनी मृत्यू झाला तर त्या घराला हा हिशेब सांगू नये. तेथे चौकशी आणि आधार हवा. पण आपण निर्णय घेताना हा हिशेब टाळूही नये.

दुसरा प्रश्न असा की, किती माणसांत पाहिल्यावर "धोका आढळला नाही" असे म्हटले जात आहे? यासाठी तिनाचा नियम लक्षात ठेवावा, तो तोंडी करता येतो. जितक्या माणसांत एखादी घटना एकदाही घडली नाही, त्या संख्येने तिनाला भागा. खरा धोका जास्तीत जास्त तेवढा असू शकतो, असे 95 टक्के खात्रीने म्हणता येते. 300 माणसांत काही आढळले नाही, तरी धोका शंभरात एक इतका असू शकतो. कोव्हॅक्सिन सुमारे 12,900 जणांना मिळाली होती, त्यामुळे तिच्या चाचणीत न दिसलेला धोकाही सुमारे 4,300 जणांत एक इतका असणे अशक्य नव्हते. लाखांत एक घडणारी गोष्ट अशा चाचणीत दिसतच नाही, आणि हा चाचणी करणाऱ्यांचा दोष नाही.

म्हणूनच लस बाजारात आल्यानंतरची नोंदवही चाचणीइतकीच महत्त्वाची आहे. अमेरिकेत 1998 मध्ये मंजूर झालेली रोटाशील्ड ही रोटाविषाणूची लस बालकांच्या आतड्यात आतडे अडकण्याच्या धोक्यामुळे 1999 मध्ये मागे घेण्यात आली. तो धोका सुमारे दहा हजारांत एक होता. त्यानंतरच्या दोन परदेशी रोटा लसींच्या चाचण्या साठ हजारांहून अधिक बालकांवर करण्यात आल्या, त्या नेमका हाच धोका हुडकण्यासाठी. ॲस्ट्राझेनेकाच्या, म्हणजे आपल्याकडील कोव्हिशील्डच्या, लसीनंतर प्लेटलेट घटून रक्ताच्या गुठळ्या होण्याचा विकारही असाच वापर सुरू झाल्यावर कळला. ब्रिटनमध्ये पहिल्या डोसनंतर त्याचे प्रमाण पन्नाशीच्या आतील माणसांत सुमारे पन्नास हजारांत एक आणि त्यावरच्या वयात सुमारे लाखात एक असे निघाले. मे 2021 मध्ये तेथील सल्लागार समितीने चाळिशीच्या आतील निरोगी माणसांना शक्य असेल तर दुसरी लस द्यावी असे सुचवले. लस तीच, धोकाही तोच, पण सत्तर वर्षांच्या माणसाला कोव्हिडपासून असलेले भय आणि तीस वर्षांच्या माणसाचे भय वेगळे असल्यामुळे तराजू वेगवेगळ्या बाजूंना झुकला.

त्याच मे महिन्यात भारताच्या राष्ट्रीय समितीने कोव्हिशील्डबाबत दहा लाख डोसांमागे 0.61 असे प्रमाण सांगितले. हा आकडा इतका लहान का, असे विचारणे मला आवश्यक वाटते. भारतीयांमध्ये हा विकार खरोखर कमी होत असेल. पण आपली नोंद मुख्यतः कोणीतरी स्वतःहून कळवण्यावर अवलंबून आहे, आणि जे कळवले जात नाही ते मोजले जात नाही. लहान आकडा दिलासा देतो म्हणून तो तपासू नये, असे नाही.

नोंद ठेवा, कारण नोंद नसेल तर प्रश्नच उभा राहत नाही

माझ्या मुलाला लहानपणी एका खासगी दवाखान्यात लस दिल्यावर रात्री 103 अंश ताप चढला आणि अंगभर पुरळ उठले. तिसऱ्या दिवशी सर्व निवळले, परंतु कळवायला गेलो तेव्हा कार्डावर फक्त तारीख आणि एक वाचता न येणारी सही होती. लसीचे नाव नव्हते, बॅच क्रमांक नव्हता. ताप लसीचा होता की त्या आठवड्यात शाळेत पसरलेल्या विषाणूचा, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात लस घेताना कुपीच्या वेष्टनाचा फोटो काढला जातो, ज्यात नाव, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख स्पष्ट दिसेल. कोणत्या दंडावर टोचले, किती वाजता, आधीपासून सर्दी-ताप होता का, कोणती औषधे चालू होती, एवढे कार्डामागे पेन्सिलीने लिहिले जाते. टोचल्यानंतरचा अर्धा तास केंद्रातच बसावे, कारण श्वास अडवणारी तीव्र ॲलर्जी बहुधा याच वेळात उद्भवते. ती दहा लाख डोसांत एक-दोनदाच होते, पण जवळ औषध असेल तर माणूस वाचतो. नंतर काही विपरीत वाटले तर आरोग्य सेविकेला किंवा आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना कळवावे आणि नोंद झाली का ते विचारावे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक 1800-180-3024 आहे; तेथे रुग्ण किंवा त्याचे नातेवाईकही कळवू शकतात.

प्रश्न विचारणे हा हट्टीपणा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केलेले आहे. 2 मे 2022 च्या निकालात न्यायालयाने कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही असे म्हटले, आणि त्याच निकालात चाचण्यांची माहिती व लसीनंतरच्या विपरीत घटनांचे अहवाल लोकांसमोर आणण्यास सरकारला सांगितले. आपल्या देशातील चाचण्यांची नोंदणी 2009 पासून सक्तीची आहे आणि ती नोंदवही कोणालाही पाहता येते. चाचणी सुरू होण्यापूर्वी "आम्ही अमुक गोष्ट मोजणार" असे तेथे लिहिलेले असते. निकाल छापून आल्यावर तीच गोष्ट मोजली का, की मध्येच माप बदलले, एवढे पाहिले तरी सामान्य वाचकाला बरेच काही कळते. कोव्हॅक्सिनला तिसऱ्या टप्प्याचे निकाल हाती येण्यापूर्वीच जानेवारी 2021 मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा घेतले गेलेले आक्षेप मला रास्त वाटले होते. निकाल पुढे चांगले आले म्हणून ते आक्षेप चुकीचे ठरत नाहीत. आणि आक्षेप रास्त होते म्हणून निकालही खोटे ठरत नाहीत.

एकाच कागदावर दोन्ही बाजू

शेवटी निर्णय घेताना फायदा आणि धोका एकाच मापात लिहावा लागतो. टक्के बाजूला ठेवा आणि दोन्ही बाजू "दहा हजार माणसांत किती" अशा लिहा. गोवराचे उदाहरण घेऊ. गोवर झालेल्या दहा हजार मुलांपैकी सुमारे दहांना मेंदूची सूज येते. गोवराचा अंश असलेली लस घेतलेल्या दहा हजार मुलांपैकी सुमारे तिघांना तापामुळे झटका येतो. झटका पाहणाऱ्या आईचे काळीज फाटते, पण तो सहसा कायमची इजा करत नाही. मेंदूची सूज मात्र जीव घेते किंवा अपंगत्व ठेवून जाते. म्हणजे संख्येबरोबर तीव्रताही लिहायला हवी. आणखी एक प्रामाणिक भेद लिहावा लागेल: पहिला आकडा आजार झालेल्या मुलांचा आहे आणि दुसरा लस घेतलेल्या सर्व मुलांचा. लस नव्हती तेव्हा जवळजवळ प्रत्येक मुलाला गोवर होई, म्हणून तुलना सरळ होती. आज शेजारची मुले लस घेतात म्हणून आपल्या मुलाला गोवर होण्याची शक्यता कमी झाली आहे. ती शक्यता कमी राहणे शेजाऱ्यांच्या निर्णयावर टिकून आहे, आणि पुरेशा घरांनी लस टाळली की ती परत वाढते, हेही त्याच कागदावर लिहा.

काही ठिकाणी कागदाची गरजच पडत नाही. गोवा सरकारने 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केले, तरीही कुत्रा चावला तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी, कारण लक्षणे दिसल्यावर रेबीजमधून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जुन्या माणसांना पोटात घ्यावी लागणारी चौदा इंजेक्शने आठवत असतील. ती लस मेंढ्यांच्या मेंदूपासून बनत असे आणि काहींच्या मज्जासंस्थेला इजा करी. समोर मरण उभे असल्यामुळे तीही घेणेच शहाणपणाचे होते. पण अधिक सुरक्षित लस उपलब्ध झाल्यावर जुनी चालू ठेवणे शहाणपणाचे नव्हते, आणि 2004 च्या अखेरीस भारतात तिचे उत्पादन थांबले. लसीची तुलना "लस नसणे" याच्याशी करावी, तशीच उपलब्ध असलेल्या दुसऱ्या लसीशीही करावी.

डॉक्टरांकडे जाताना प्रश्न नेमका न्यावा. "ही लस सुरक्षित आहे का?" असे विचारले तर "हो" एवढेच उत्तर मिळते, आणि गर्दीच्या वेळी डॉक्टरांचाही इलाज नसतो. त्यापेक्षा असे विचारा: माझ्या वयात आणि माझ्या या मधुमेहात या आजाराचा धोका किती? लसीनंतर कोणती लक्षणे दिसली तर मी त्याच रात्री येऊ? पूर्वी मला अमुक औषधाची ॲलर्जी झाली होती, तिचा येथे संबंध येतो का? आज न घेता महिनाभराने घेतली तर काय बिघडेल?

या शेवटच्या प्रश्नातच काकींच्या मजुरीचे उत्तर होते. माकडतापाच्या लसीचे टोचणे दुखते आणि दंड सुजतो, ही तक्रार कर्नाटकातही अनेकांनी केली होती, आणि त्यापायी लोक वर्धक डोस टाळत. पहिल्या दोन डोसांत महिन्याचे अंतर ठेवावे लागे. म्हणजे ऑक्टोबरात पहिला आणि नोव्हेंबरात दुसरा घेतला असता तर सूज बोंडूच्या दिवसांपूर्वीच उतरली असती आणि हंगामाच्या तोंडावर संरक्षणही तयार झाले असते. प्रत्यक्षात लस देणारे वाड्यावर आले ते ऐन हंगामात, आणि काकींनी ती घेतली नाही. त्यांच्याजवळ असलेल्या माहितीनुसार तो निर्णय मला आजही अविचारी वाटत नाही. पुढे त्या लसीच्या गुणवत्तेबद्दलच प्रश्न उभे राहिले आणि 2022 पासून ती देणे बंद झाले. नव्या लसीचे काम भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने हाती घेतले आहे. काकी अजून बागायतीत जातात, अंगाला तेल लावून आणि पायांत लांब मोजे घालून. नवी लस आली तर काय विचारायचे, ते त्यांनी माझ्याकडून एका कागदावर लिहून घेतले आहे. पहिल्या ओळीवर त्यांनी स्वतः सांगितलेला प्रश्न आहे: ही लस रानात जाणाऱ्या किती माणसांना देऊन पाहिली, आणि त्यांतल्या किती जणांना दुसऱ्या दिवशी कामावर जाता आले?